चादर उलटी करा, नक्षी सापडेल

भरतकामाचा नमुना हवा म्हटलं की हात आधी मोबाईलकडे जातो. तिथे मिळतं ते बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाच्या रिंगमधलं गुलाबाचं फूल. ते उतरवलं की काम सुबक दिसतं, पण त्यात आपलं असं काही नसतं. सोलापूरकरांना तर एवढं लांब जायचं कारणच नाही. अंथरुणावरची चादर उलगडा आणि नक्षीची कड अगदी जवळून बघा. लांबून गोल वाटणारी पाकळी पायऱ्यापायऱ्यांनी चढलेली दिसेल. जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणायची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर मांडतात आणि मग त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतात. कर्नाटकी कशिद्यालाही (कसुतीला) नेमकी अशीच नक्षी लागते, कारण हा कशिदा छापावरून काढत नाहीत, कापडाचे धागे मोजून काढतात.

कशिदा धारवाडकडचा, इरकल लुगड्यांवरचा. पण इरकल आणि खण आपल्याकडेही घरोघरी आहेत, त्यामुळे तो डोळ्यांना परका नाही. त्यात टाके चारच: गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी. गवंती म्हणजे दुहेरी धावदोरा, मुर्गी तोच पण पायरीपायरीने, नेगी विणल्यासारखा भराव आणि मेंथी म्हणजे फुली.

चादरीवरची नक्षी उतरवताना धागे मोजू नका, वेड लागेल. पायऱ्या मोजा. एक पायरी म्हणजे आलेखाच्या कागदावरचा एक चौकोन. फोटो काढून काम करणार असाल तर मोबाईल नक्षीच्या बरोबर वर, सपाट धरा. तिरका फोटो घेतला की वरची बाजू आखडते. पहिला नमुना 50-60 चौकोनांच्या आत बसवा. इंचाला 14 चौकोन असलेल्या मॅटीवर (चौकटी विणीच्या भरतकामाच्या कापडावर) 56 चौकोन म्हणजे 4 इंच, उशीच्या अभ्र्याच्या कोपऱ्याला पुरेसं. सहा पदरी दोऱ्यातले दोनच पदर घ्या, गवंतीला एकही चालतो. सुई बोथट टोकाची, 24 किंवा 26 नंबरची. दोरा हातभर, म्हणजे 45 सेंटिमीटरच्या आसपास. त्याहून लांब घेतला तर कापडातून पुन्हापुन्हा ओढला जाऊन शेवटाला तो पिंजतो.

गवंती सोपी वाटते आणि तिथेच बहुतेकांचं गणित चुकतं. जाताना एक चौकोन वरून, एक खालून असं जायचं. परत येताना मोकळ्या जागा भरायच्या, की दोन्ही बाजूंनी सलग रेघ तयार. अडचण येते फांदी फुटते तिथे. मुख्य रेघेवरून जाताना फांदी लागली की लगेच तिच्या टोकापर्यंत जा, तिथून भरत मागे या आणि मगच पुढे सरका. फांद्या नंतरसाठी ठेवल्या की मागच्या बाजूला दोरा आडवा उड्या मारतो आणि दोन्ही बाजू सारख्या राहत नाहीत. म्हणून सुई हातात घेण्याआधी कागदावर पेन्सिलने बाण काढून वाट ठरवा.

दुसरी तक्रार रेघ करवती दिसण्याची. परतीच्या फेरीत सुई कधी आधीच्या टाक्याच्या वरून, कधी खालून निघते, म्हणून तसं होतं. प्रत्येक वेळी वरच्या अंगाने बाहेर आणि खालच्या अंगाने आत, एवढा एकच नियम पाळला तरी रेघ सरळ दिसते. आधीच्या दोऱ्यात सुई खुपसू नका. सुरुवातीला गाठ मारायची नाही. सहा-सात सेंटिमीटर शेपूट सोडा आणि काम संपल्यावर ते टाक्यांखालून ओवून घ्या.

हातमागाच्या कापडावर काढणार असाल तर आधी एक इंच उभे आणि एक इंच आडवे धागे मोजा. हे कोणी करत नाही आणि मग मोर उंट झाला म्हणून कापडाला दोष देतात. समजा, इंचात उभे धागे 28 आणि आडवे 24 आहेत. दोन धाग्यांचा एक टाका धरला, तर 56 चौकोनांची नक्षी रुंदीला 4 इंच भरेल, पण उंचीला साडेचारच्या वर जाईल. गोल फुलाची त्यात वाट लागते. अशा कापडावर मुळात उंच असलेली नक्षी घ्या. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतले उंच नंदीध्वज यासाठी उत्तम: उभा दांडा गवंतीत, वरची सजावट मुर्गीत. भुईकोट किल्ल्याच्या तटावरच्या चर्यांची ओळही काठासाठी छान बसते.

आता जुन्याचं नवं कसं करायचं? चादर उलटी करा. सुलटीकडे जो रंग नक्षीला होता तो उलटीकडे जमिनीला गेलेला असतो. हेच कापडावर करा: फूल कोरं ठेवा आणि भोवतालची जमीन नेगीने भरा. टाका जुना, नक्षी जुनी, तरी नजर थबकते. भराव करताना दोरा ताणू नका, नाहीतर कोऱ्या फुलाला फुगा येतो. रंग एकच ठेवा. रंग, आकार आणि टाका असे तिन्ही बदल एकदम केले की ओळखीची नक्षी हरवते आणि हाती नुसतीच आधुनिक दिसणारी चिंधी उरते.

वाकळीचा धावदोराही जमिनीसाठी वापरता येतो. खाली जुन्या लुगड्याचा थर द्या आणि नक्षीभोवती अर्ध्या सेंटिमीटरच्या अंतराने ओळी घाला. त्याआधी दोन्ही थर वीतभर अंतरावर कच्च्या टाक्यांनी पकडून घ्या. तसं केलं नाही तर वरचं कापड पुढे सरकत जातं आणि शेवटच्या कोपऱ्यात चुणी जमते. तांड्यावरच्या बंजारा कामातले आरसे मात्र या कामात मिसळू नयेत असं माझं मत. आरसा लगेच लक्ष ओढतो, बारीक गवंतीकडे मग कोणी बघतच नाही.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात तळहाताला घाम सुटतो आणि पांढरा दोरा मळतो, म्हणून काम सकाळी करा आणि शेजारी कोरडा रुमाल ठेवा. उठताना रिंग काढून ठेवा. रात्रभर राहिली तर गोल वळ पडतो आणि लोखंडी स्क्रू असेल तर गंजाचा डाग बसतो, तो निघत नाही. लाल आणि काळ्या दोऱ्याचा तुकडा आधी ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून बघा. रंग सुटला तर तो दोरा पांढऱ्या कापडावर वापरू नका. इस्त्री उलट्या बाजूने, खाली सोलापुरी टॉवेलची दुहेरी घडी घालून करा; कडक टेबलावर केली तर टाके चपटे होतात.