दोन नंबरची खुर्ची बंद

ईस्टरच्या सुट्टीनंतर इंग्लंडमधल्या आमच्या दातांच्या दवाखान्यातली दोन नंबरची खुर्ची बंद ठेवली. दिवा, सक्शन, मोटर सगळं ठणठणीत, फक्त तिच्यातून पेशंटच्या तोंडात जाणाऱ्या पाण्याचा नमुना नापास. इथे या पाण्यात मिलिलिटरमागे १०० ते २०० जिवाणूंच्या वर गेलेलं चालत नाही. अमेरिकेत मर्यादा ५०० आहे. पेशंटना पुढच्या तारखा दिल्या, पण एकानेही आवाज चढवला नाही!

नाशिकला मी डेंटिस्ट होते. ओआरई, म्हणजे परदेशी डेंटिस्टना इथे नोंदणीसाठी द्यावी लागणारी परीक्षा, होईपर्यंत इथे डेंटल नर्स आहे, म्हणून सकाळी प्रत्येक हँडपीसचं (दात कोरायच्या हत्याराचं) पाणी दोन मिनिटं सोडून वहीत सही करणं माझ्याकडे. खरं दुखणं मात्र त्याने जात नाही. हँडपीसला पाणी नेणारी नळी जेमतेम दोन मिलिमीटरची. पाणी मधून वाहतं, कडेला जवळजवळ थांबलेलं असतं आणि रात्रभर तर पूर्ण साचलेलं. मग गच्चीवरच्या टाकीला आतून धरतो तसा बुळबुळीत थर नळीला धरतो. पाणी सोडल्याने सुटे जिवाणू जातात, थर तसाच राहतो. त्याला औषधच लागतं. इटलीत २०११ साली ८२ वर्षांच्या बाई अशाच पाण्यातल्या लिजनेला या न्यूमोनिया करणाऱ्या जिवाणूने गेल्या. कॅलिफोर्नियातल्या अॅनाहाइममध्ये २०१६ साली दुधाच्या दातांवर उपचार घेतलेल्या मुलांच्या जबड्यात जंतुसंसर्ग झाला.

म्हणून लगेच आपल्याकडच्यांना नावं ठेवू नका. नाशिकच्या दवाखान्यातल्या आमच्या कामवाल्या मावशी रोज रात्री युनिटची (खुर्चीच्या यंत्राची) पाण्याची बाटली धुऊन उपडी घालायच्या. दातांच्या दवाखान्यांतल्या निर्जंतुकीकरणासाठीच्या इथल्या एचटीएम ०१-०५ नियमावलीतही तेच सांगितलंय. दाढ कापून काढताना युनिटचं पाणी नाही, सलाईनच, हे आम्ही कॉलेजातच शिकलो. आणि सुरगाण्याहून पहाटेची एसटी धरून आलेल्या, गाल सुजलेल्या माणसाला ‘परवा या’ म्हणणं मला आजही जमणार नाही. इथे शेजारी दुसरी खुर्ची असते, तिथे बहुतेकांकडे एकच.

पण बाटलीत जारचं पाणी भरलं की काम झालं, असं आपल्यातले कितीतरी जण मानतात, ते मला पटत नाही. पाणी कितीही स्वच्छ घाला, पेशंटच्या तोंडात जातं ते त्या थरावरून आलेलं.

बॅचच्या ग्रुपवर लिहिलंय: दिवाळीनंतर दवाखाना उघडाल तेव्हा आधी नळ्यांना औषध, मग पहिला पेशंट. औषध युनिटच्या कंपनीला विचारून घ्या. मनाने ब्लीच ओतू नका, आतले धातूचे भाग गंजतात.