नागपूरच्या मे महिन्यात गाडीत ऑइल कोणतं टाकायचं?

उन्हाळा आला की विदर्भातले मित्र हमखास विचारतात, पारा ४५ च्या वर गेलाय, मेकॅनिक म्हणतोय जाड ऑइल टाक, टाकू का? आधी मॅन्युअल बघ रे बाबा. बाहेर २५ असो की ४५, गरम झालेल्या इंजिनातलं ऑइल साधारण १०० डिग्रीच्या आसपास चालतं आणि डब्यावर १०डब्ल्यू-३० असं जे लिहिलेलं असतं त्यातला शेवटचा आकडा, ३०, ४०, ५०, तो त्या १०० डिग्रीला ऑइल किती जाड राहतं हेच सांगतो. अ‍ॅक्टिव्हाला कंपनीने १०डब्ल्यू-३० सांगितलंय, त्यात २०डब्ल्यू-५० ओतलं तर इंजिन जड चालणार आणि अ‍ॅव्हरेज पडणार. एअर-कूल्ड बाइक ट्रॅफिकमध्ये अडकली की ऑइल अजून तापतं हे खरंय, म्हणून बुलेटला १५डब्ल्यू-५० असतं ते मला पटतं.

थंडीत मात्र डब्ल्यूच्या आधीचा आकडा बघायचा, डब्ल्यू म्हणजे विंटर. २०डब्ल्यूची थंडीतल्या स्टार्टिंगची टेस्ट उणे १५ ला होते, १५डब्ल्यूची उणे २० ला, १०डब्ल्यूची उणे २५ ला, ५डब्ल्यूची उणे ३० ला. त्यामुळे महाबळेश्वरच्या डिसेंबरसाठी ऑइल बदलायची काही गरज नाही, जून-जुलैत लेहला जाणाऱ्यांनाही नाही, पण ऐन हिवाळ्यात द्रासला जाणार असाल तर २०डब्ल्यू अजिबात नको, सकाळी स्टार्टरच फिरणार नाही.

आणि बाइकमध्ये कारचं ऑइल टाकू नका प्लीज, बहुतेक बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये असतो आणि तो स्लिप व्हायला लागतो, डब्यावर जासो (बाइकच्या ऑइलचं जपानी स्टँडर्ड) एमए किंवा एमए२ बघूनच घ्या.