आमची वाटचाल: वळचणीची फळी आणि पन्हळीचा ढाळ

छपराच्या कडेची कुजलेली फळी आणि तिथली पन्हळ दुरुस्त करणं हे आमचं काम. आमचं मूळ घर लातूर जिल्ह्यातल्या औशाचं. वडील, म्हणजे अण्णा, सुतारकाम करायचे. तिफणी, बैलगाड्या आणि उरलेल्या वेळात दारं-खिडक्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि अण्णांच्या हातातलं कामच बदललं. आपल्याकडची जुनी घरं माळवदाची. खांबांवर तुळया, त्यावर लाकडी पाट आणि त्यावर मातीचा जाड थर. गळू नये म्हणून वर्षानुवर्षं माती टाकत गेल्यानं तो थर वाढतच जायचा. त्या पहाटे तीच माती माणसांच्या अंगावर आली. पुढे, भूकंपातही ज्यांची घरं उभी राहिली होती त्यांनीही माळवद उतरवलं, वासे टाकले आणि पत्रा किंवा कौलं चढवली. औसा, निलंगा, उमरगा या पट्ट्यात अण्णांनी दहा वर्षं हेच काम केलं. मी त्यांच्या हाताखाली शिकलो.

तेव्हा एक गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती. माळवदाचं पाणी ठरावीक ठिकाणच्या नळीतून भिंतीपासून लांब पडतं. उतरत्या छपराचं पाणी मात्र पूर्ण वळचणीवरून, म्हणजे छपराच्या खालच्या कडेवरून, पागोळ्यांनी येतं. ते गोळा करायला लांब आडवी पन्हळ लागते, आणि ती बसवण्याची सवय आमच्याकडे कुणाच्याच हाताला नव्हती. जो पत्रा ठोकेल तोच जाता जाता पन्हळही ठोकायचा.

२००६ साली लातुरात स्वतःचं दुकान टाकलं. दोन सुतार, एक रंधा मशीन. पहिलं मोठं काम २००९ ला उदगीरच्या एका वाड्याचं मिळालं. वाशांच्या टोकांवरची फळी पन्नास फूट लांब कुजली होती. मी जुना साग आणून सगळी फळी नवी घातली, वरून चकचकीत रंग दिला. पुढच्याच्या पुढच्या पावसाळ्यात मालकीणबाईंचा फोन आला. गेलो, पेचकसाचं टोक लावलं, तर ते लोण्यात जावं तसं आत गेलं. दोन पावसाळ्यांत सागाची फळी मऊ! सत्तरीच्या त्या आजी रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बाळा, लाकूड बदललंस, पाण्याची वाट नाही बदललीस."

त्या दिवशी शिडीवर बसून पूर्ण पन्हळ हातानं चाचपली. मधोमध पोट आलेलं. ब्रॅकेट पाच-पाच फुटांवर, म्हणून भरलेल्या पाण्याच्या वजनानं पत्रा वाकलेला. तिथं निंबाचा पाला आणि पारव्यांची घाण कुजून चिखल झाला होता. पाणी पुढून सांडायच्या ऐवजी मागच्या बाजूनं फळीवर उतरत होतं. शिवाय माझ्या रंगानं आत गेलेला ओलावा कोंडून ठेवला होता. त्यात मी पांढरा भाग असलेल्या फळ्या वापरल्या होत्या. सागाचा गाभा टिकतो, बाहेरचा पांढरा भाग नाही टिकत. ते काम मी पदरमोड करून पुन्हा केलं. दुकानाचं दोन महिन्यांचं भाडं थकलं, पण तेव्हापासून नुसतं लाकडाचं काम घेणं बंद केलं.

आता आधी पाणी बघतो, मग लाकूड. दहा फुटाला निदान अर्धा इंच ढाळ, दोन-अडीच फुटांवर ब्रॅकेट. पत्र्याची कड पन्हळीच्या आत उतरते का, हे पाहतो. नसेल तर वाकवलेल्या पत्र्याची पट्टी घालतो, कारण पाणी पत्र्याच्या पोटाला चिकटून मागे येतं आणि थेट फळीवर जातं. फळी पूर्ण काढायची गरज बहुतेक वेळा नसते. कुजका भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत कापायचा, तिरका सांधा करायचा, गंजणाऱ्या खिळ्यांऐवजी स्टीलचे स्क्रू. कापलेल्या टोकांना बेलतेल (उकळलेलं जवसाचं तेल) पाजायचंच, कारण लाकूड सगळ्यात जास्त पाणी टोकाकडून पितं. ओलावा मोजायचं यंत्र घेतलं आहे. वीस टक्क्यांच्या वर आकडा आला की रंगाचा डबा उघडत नाही, गिऱ्हाईक कितीही घाई करो.

२०१६ चा एप्रिल लातूरकर विसरणार नाहीत. मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. आम्ही एरवी वर बादलीभर पाणी ओतून ढाळ तपासायचो. त्या उन्हाळ्यात, शेजारी घागरींची रांग असताना, पाणी ओतायला हात धजेना. मग लेव्हलची पारदर्शक नळी भरून तिनंच सगळी मापं घेतली. तेच पाणी महिनाभर वापरलं. ती सवय आजही आहे.

त्या पावसाळ्याच्या शेवटी भरपूर पाऊस झाला आणि छपराचं पाणी बोअरला सोडायची सगळ्यांना ओढ लागली. ओढ योग्यच होती. हजार चौरस फुटांच्या छपरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर तेवीसशे लिटर पाणी होतं. पण घाईघाईत लावलेल्या प्लॅस्टिकच्या पन्हळी, एका कोपऱ्यात दोन इंची पाईप आणि त्याच्या तोंडाशी अडकलेला पाला! २०१८ पासून आमच्याकडे आलेली निम्मी कामं अशा घरांचीच. पाणी साठवायला गेलेल्या माणसाचं छप्पर कुजावं, याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून अशा घरी पन्हळीची तपासणी आम्ही फुकट करतो, लाकडाचं काम आम्हाला मिळो न मिळो.

आज आम्ही सहा जण आहोत. पाईपाचं काम करणारा गडीही आमचाच आहे, त्यामुळे "ते प्लंबरचं, हे सुताराचं" असं कुणाला ऐकावं लागत नाही. अण्णा आता शिडी चढत नाहीत, पण जुन्या लाकडाची पारख अजून तेच करतात. मृग लागायच्या आत अंबाजोगाईचं एक आणि औशातली दोन घरं संपवायची आहेत. उदगीरच्या आजी आता नाहीत. दर दिवाळीनंतर त्यांच्या वाड्याची पन्हळ मी स्वतः साफ करून येतो. तिथली फळी २०११ मध्ये घातलेलीच आहे.