हिरवे ठिपके सरकले तेव्हा

एचआयव्ही रोगप्रतिकारशक्तीच्या टी-पेशींचा नाश करतो हे पुस्तकात वाचलं होतं. त्याला टी-पेशींपर्यंत पोचवतं कोण, ते मात्र मी बीएसएल-३, म्हणजे धोकादायक जंतूंसाठीच्या कडक सुरक्षेच्या प्रयोगशाळेतल्या मायक्रोस्कोपखाली पाहिलं.

त्या दिवशी आमच्याकडे रक्तातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशींपासून वाढवलेल्या, पक्व डेंड्रायटिक पेशी होत्या. या पेशी शरीरातल्या पहारेकरीच. जंतू पकडायचा, लसिकाग्रंथीत न्यायचा आणि टी-पेशींना त्याची ओळख पटवायची, हे त्यांचं काम. हिरवं चमकणारं प्रथिन बसवलेला विषाणू त्यांच्यावर सोडला आणि न चिकटलेला धुऊन टाकला.

मग टी-पेशी घातल्या. त्यातली एक येऊन टेकली आणि डेंड्रायटिक पेशीतले हिरवे ठिपके तिच्या दिशेने सरकू लागले. थोड्याच वेळात दोघींच्या सांध्यावर त्यांचा दाट पुंजका झाला. दुसऱ्या रंगात पाहिलं, तर टी-पेशीचे सीडी४ रिसेप्टरही नेमके तिथेच गोळा झालेले! विषाणू आणि त्याला आत शिरायचं दार, दोन्ही समोरासमोर. मी स्क्रीनवरून नजर काढू शकले नाही.

"डेंड्रायटिक पेशीत विषाणू वाढलेला नाही, बरं का," मॅडम म्हणाल्या. खरंच, या पेशींतलं एसएएमएचडी१ हे प्रथिन विषाणूला लागणारा डीएनएचा कच्चा माल मोडून टाकतं, त्यामुळे त्याची तिथे फारशी नक्कल होत नाही. स्वतः जवळजवळ निरोगी राहून ती पेशी त्याला पुढे पोचवते.

पुढच्या नमुन्यात डेंड्रायटिक पेशींवरचा सीडी१६९ हा रिसेप्टर अँटिबॉडीने आधीच झाकला होता. ठिपके फारच कमी दिसले. सीडी१६९ एचआयव्हीला धरतो हे २०१२ मध्ये समोर आलं, आणि मला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग हाच आहे: तो विषाणूचं प्रथिन धरत नाही, जीएम३ नावाचा मेदपदार्थ धरतो. विषाणू माणसाच्या पेशीतून बाहेर पडताना तिच्याच पटलाचा तुकडा पांघरतो, त्यातला हा जीएम३. म्हणजे पकडीची जागासुद्धा आपल्याच शरीराची.

"मग रुग्णांमध्ये सीडी१६९ बंद करता येईल?" मी विचारलं.

"पहाराही ढिला पडेल त्याचं काय? इतर जंतूही त्या पेशींनीच पकडायचे असतात," मॅडम म्हणाल्या. आजची बहुतेक औषधं ही ने-आण थांबवत नाहीत. टी-पेशीत पोचलेल्या विषाणूची वाढ ती रोखतात. आम्ही पुढचा नमुना लावला, या वेळी अँटिबॉडीची मात्रा कमी करून.