एस्टीमची डिकी अडकली, चावी नाही: ग्राइंडर लावू देऊ नका

सीएनजी बसवलेल्या जुन्या गाडीची डिकी उघडत नसेल आणि गॅरेजवाला म्हणाला, "पत्रा कापावा लागेल," तर गाडी तिथून सरळ बाहेर काढा. मला जो भेटला तो हेच म्हणाला, आणि त्याचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

गाडी २००५ची मारुती एस्टीम, काकांकडून आलेली. मधे कधीतरी डिकीचं लॉक बदललं गेलं होतं आणि त्याची चावी घरात कुणाकडेच नव्हती. ड्रायव्हरच्या सीटजवळच्या खटक्यावर काम भागत होतं. एक दिवस खटका ओढला तर तो सैल लागला. केबल तुटली होती. एरवी डिकीवाचून अडलं नसतं, पण सीएनजीच्या टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबानं होणारी तपासणी, तोंडावर आली होती. ती दर तीन वर्षांनी करावीच लागते, तारीख उलटली की पंपावर गॅस मिळत नाही. टाकी डिकीत, आणि टेस्टवाले म्हणाले, "आधी डिकी उघडून आणा."

इथून गॅरेजांच्या चकरा सुरू झाल्या. एकानं ग्राइंडर काढलासुद्धा. आत ६० लिटरची टाकी आहे, तिच्यात २०० बारपर्यंत दाबानं गॅस भरतात, वीतभर अंतरावर ठिणग्या उडणार, आणि हा माणूस म्हणतो, "काही होत नाही साहेब." मी गाडी तशीच परत आणली. लॉकमध्ये ड्रिल घालायलाही मी नकार दिला, कारण तेच. त्यातल्या त्यात चावीवाला प्रामाणिक निघाला. लॉक आतून गंजलंय, बाहेरून फिरणार नाही, काढून आणलंत तर चावी करून देतो, असं त्यानं स्पष्ट सांगितलं.

साध्या सेडानला मागच्या सीटवरून वाट असते. बसायची गादी उचलायची, पाठीचे खालचे बोल्ट सोडवायचे, पाठ वर उचलून हुकांतून काढायची. मीही काढली. समोर आली आडवी टाकी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाजूनं हात कोपरापर्यंतही जाईना. सीएनजीवाल्या गाड्यांचं घोडं इथेच अडतं आणि मग लोक पत्रा कापायला तयार होतात.

वाट वर होती. मागच्या काचेखालच्या शेल्फवर दोन लंबगोल स्पीकर असतात. ते काढले की खाली थेट डिकीत उघडणारी दोन भोकं मिळतात, टाकीच्या वरच्या अंगाला. एका भोकातून मुलीनं मोबाईलचा टॉर्च आणि कॅमेरा आत धरला, दुसऱ्यातून मी सळी घातली. सळी लांब हवी, टोकाला आकडा वळवलेला, आणि आकड्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळलेली. मोबाईलच्या पडद्यावर लॅच, म्हणजे झाकण धरून ठेवणारी कडी, दिसलं, गंजानं तांबूस झालेलं, आणि त्याला लोंबणारं तुटक्या केबलचं शेपूट. ते शेपूट नीट बघून घ्या. केबल ज्या दिशेनं ओढत होती त्याच दिशेनं लॅचची लिव्हर ओढायची असते.

"बाबा, जरा खाली. आता डावीकडे. लागला!" आकडा लागायचा आणि सुटायचा. लागला तरी लिव्हर हलायची नाही. मान अवघडली, घामानं हात निसटायला लागले. शेवटी काकांनी बाहेरून डिकीवर दोन्ही तळहातांनी जोर दिला. झाकणाखालचं रबर झाकणाला वर रेटतं आणि सगळा ताण लॅचवर येतो. झाकण दाबलं की तो ताण सुटतो. काकांनी दाबलं, मी ओढलं, आणि खट्! पोरगी आनंदानं ओरडली. मलाही इतका अभिमान वाटला की पुढच्या गॅरेजवर थांबून सांगून यावंसं वाटलं.

हो, हे आधी सांगायला हवं होतं: स्पीकरच्या वायरी सोडवण्यापूर्वी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. त्याआधी गाडी सीएनजीवर चालवून गॅस संपवा. टाकी तरीही पूर्ण रिकामी होत नाही, म्हणून काम उघड्यावर, चारही दारं उघडी ठेवून करा. गॅसचा जरासाही वास आला तर हात लावू नका, सीएनजी किटवाल्याला बोलवा.

डिकी उघडल्यावर लगेच बंद करू नका. आधी लॉक काढून घ्या, आतल्या बाजूनं घोड्याच्या नालेसारखी क्लिप असते, ती स्क्रूड्रायव्हरनं सरकवली की लॉक बाहेर येतं. आमच्या चावीवाल्यानं ते उघडून आतल्या पट्ट्या बघून चावी घासून दिली. जाताना आरसीची प्रत सोबत ठेवा, तो मागतो आणि मागायलाच हवी. लॅचला ग्रीस लावलं, केबल नवी टाकली. शिवाय लिव्हरला सायकलची ब्रेक वायर बांधून तिचं टोक मागच्या सीटच्या पाठीशी आणून ठेवलंय. मगच टाकी टेस्टला गेली.