लव्हाळ्याची माळ

दिवस पहिला

प्रतीक्षायादीत नाव नोंदवून जवळजवळ दीड वर्ष उलटल्यावर सामुदायिक बागेतला एक तुकडा वर्षभराच्या करारावर आज माझ्या वाट्याला आला. लांबी 10 मीटर, रुंदी 6 मीटर, आणि हे सारे 60 चौरस मीटर कमरेएवढ्या तणाखाली गडप झालेले. आधीच्या भाडेकरूने तीन वर्षांपूर्वी येणे सोडले आणि त्यानंतर इथे कुणी विळासुद्धा चालवला नाही, असे कळले. एका कोपऱ्यात कुजलेल्या बांबूंचा मांडव आडवा पडला आहे आणि त्याच्याखाली गंजलेले डबे, ठिबकच्या नळीचे तुकडे व प्लास्टिकच्या फाटक्या गोण्या आहेत. गोणी उचलायला गेले की तिचा चुरा होतो आणि धागे तेवढे मातीत राहतात. ते वेचण्यातच सकाळ गेली. आज नुसते पाहणी करून परतायचे, असे ठरवले होते. पण कुदळ हाताशी असताना स्वस्थ बसणे मला जमले नाही.

दिवस तिसरा

विळ्याने वरचे तण कापून एका बाजूला रचले. त्यात गाजर गवत बरेच होते. त्याने अंगावर खाज आणि पुरळ उठते, म्हणून हातमोजे घालून, पूर्ण बाह्यांचा सदरा चढवून ते फुलण्याआधीच मुळासकट उपटले. एका झाडाला हजारोंनी बी धरते, त्यामुळे फुललेली चार-पाच झाडे ढिगात न टाकता वेगळ्या पोत्यात बांधून ठेवली. मग सुमारे सहा चौरस मीटरची पट्टी कुदळीने खणून काढली. माती उलटी पडत होती, मुळे तुटत होती आणि संध्याकाळपर्यंत ती पट्टी इतकी भुसभुशीत दिसू लागली की तळहातावरच्या फोडांचेही काही वाटले नाही.

दिवस चौदावा

त्या पट्टीवर आज हिरव्या भाल्यांची सेनाच उभी आहे. खणण्यापूर्वी इथे लव्हाळा होता खरा, पण तो इतका दाट नव्हता. शेजारच्या तुकड्यावर अनेक वर्षे भाजी पिकवणाऱ्या काकू बांधावर येऊन थोडा वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, तू हे काढलंस की पेरलंस?"

त्यांच्याच सांगण्यावरून एक कोंब न ओढता त्याच्याभोवतीची माती खुरप्याने हळूहळू बाजूला केली. कोंबाच्या तळाशी शेंगदाण्याएवढी काळसर गाठ होती, तिच्यातून दोऱ्यासारखे बारीक, ताठ मूळ आडवे गेले होते आणि वीतभर अंतरात त्याच दोऱ्यावर आणखी पाच गाठी ओवलेल्या होत्या. हा दोरा म्हणजे खरे तर जमिनीखालचे खोड आहे. एक गाठ नखाने चिरली तेव्हा आत पांढरा गर दिसला आणि नागरमोथ्याचा ओळखीचा सुगंध आला. माळ अखंड असते तोवर पुढच्या वाढत्या गाठीचा वचक मागच्या गाठींवर राहतो आणि त्यांतल्या बऱ्याचशा निजून असतात. माळ तुटली की प्रत्येक गाठ स्वतंत्र होते आणि आपापला कोंब वर पाठवते. माझ्या कुदळीने त्या दिवशी एवढेच काम इमानेइतबारे केले होते. महापुरात वाचणारे म्हणून लव्हाळ्याचे कौतुक आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पुराचे मला ठाऊक नाही, कुदळीतून मात्र ते वाचते आणि वर वाढते.

दिवस पंधरावा

रात्री नीट विचार केला आणि सगळा तुकडा एकदम हाती घेण्याचा बेत सोडून दिला. जेवढी जमीन दर आठवड्याला खुरपून राखता येईल तेवढीच उघडी ठेवायची आणि बाकीची झाकून टाकायची, असे ठरवले. तुकड्याचे 15 चौरस मीटरचे चार भाग पाडले. ज्या भागावर हराळी माजली आहे तो काळ्या जाड कापडाखाली गेला; हराळी जमिनीवरून आणि जमिनीखालून अशी दोन्हीकडून पसरते, तिच्या पेराचा छोटा तुकडाही पुन्हा फुटतो, पण सावली तिला सोसत नाही. काही महिने अंधारात काढल्यावर ती पुष्कळ थकलेली असेल.

मधल्या दोन भागांवर पारदर्शक प्लास्टिक अंथरायचे होते. त्याआधी तण जमिनीलगत कापले, ढेकळे फोडून पृष्ठभाग सारखा केला आणि माती खोलवर भिजेल इतके पाणी दिले, कारण ओल्या मातीत उष्णता खाली लवकर उतरते आणि भिजलेले बी कोरड्यापेक्षा लवकर मरते. काळे प्लास्टिक जास्त तापेल असा माझा समज होता. ते स्वतः तापते हे खरे, पण पारदर्शक प्लास्टिकमधून ऊन थेट मातीपर्यंत पोहोचते आणि तिथली उष्णता अडकून राहते. सध्याच्या कडक उन्हात वरच्या पाच सेंटिमीटर मातीचे तापमान 50 अंशांच्या जवळ जाऊ शकते. कडा वीतभर खोल चरात पुरून वर माती दाबली, नाहीतर वाऱ्याने शीड होऊन सगळे उडून गेले असते. हे सहा आठवडे तसेच राहील. खोलवरच्या लव्हाळ्याच्या गाठी याने मरणार नाहीत, ही गोष्ट मी गृहीत धरली आहे. वरच्या थरातले बी जरी भाजून निघाले तरी मला पुरे आहे.

दिवस एकोणिसावा

उरलेल्या चौथ्या भागात, म्हणजे 6 मीटर बाय अडीच मीटरच्या पट्टीत, पहिले पीक घ्यायचे आहे. कुदळ बाजूला ठेवून काकूंचे चार दातांचे फावडे मागून आणले. ते मातीत उभे रोवायचे, मागे रेलून जमीन नुसती उचकायची आणि सैल झालेल्या मातीतून मुळे हाताने ओढून घ्यायची. माती पालथी करायची नाही. असे केले की माळ पुष्कळदा अखंड हाती येते. काम अतिशय संथ होते. दोन तासांत दीड चौरस मीटर, आणि घमेल्यात मोजून 140 गाठी. त्या पत्र्यावर पसरून उन्हात वाळत घातल्या, कारण पुरत्या वाळल्या तरच त्या मरतात. ओल्या ढिगात टाकणे म्हणजे त्यांना बाळंतिणीची खोली देणे होय.

दिवस तेविसावा

मातीशी ओळख व्हावी म्हणून काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी आणि चिमूटभर कपडे धुण्याची पावडर घालून बरणी जोरात हलवली आणि खिडकीत ठेवून दिली. वाळू मिनिटाभरात तळाशी बसली, पोयटा, म्हणजे वाळूहून बारीक गाळ, दोनेक तासांत तिच्यावर आला, पण पाणी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गढूळच होते. शेवटी सहा सेंटिमीटरच्या थरात जवळजवळ तीन सेंटिमीटर चिकणमातीच निघाली. म्हणजे जमीन भारी आहे. पाणी धरील, पण सोडणार नाही. एका शेजाऱ्यांनी यात वाळू मिसळायचे सुचवले. चिकणमातीत थोडीशी वाळू घातली तर ती सैल होण्याऐवजी विटेसारखी घट्ट होण्याचीच शक्यता अधिक, म्हणून त्यांचे आभार मानले आणि विषय तिथेच थांबवला.

माती तपासणीचा अहवालही आला. नमुना घेताना आठ ठिकाणी 15 सेंटिमीटर खोल खड्डे घेऊन, कडेची माती खरवडून, सगळी एकत्र करून त्यातली अर्धा किलो पाठवली होती. सामू (मातीचा आम्ल-विम्लपणा, pH) 7.8, सेंद्रिय कर्ब अवघा 0.35 टक्के. भूक कशाची आहे ते यात स्वच्छ लिहिलेले आहे.

दिवस सव्विसावा

आज मनस्ताप झाला. पूर्ण कुजलेले म्हणून घेतलेल्या शेणखताचे पोते उघडले तर अमोनियाचा उग्र दर्प नाकात शिरला आणि आत हात घातला तर खत चांगलेच गरम लागले. असे कच्चे खत घातले तर कोवळी मुळे करपतात आणि वाळवी व हुमणी यांना आयते निमंत्रण मिळते. विक्रेत्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. ते पोते कोपऱ्यात ओतले, त्यात तिसऱ्या दिवशी कापलेले वाळके, बी न धरलेले तण थर देऊन मिसळले, पाणी शिंपडले आणि झाकले. पुढच्या हंगामाला उपयोगी पडेल. या वेळेपुरते काकूंनी आपल्या खड्ड्यातले काळे, भुरभुरीत, मातीचाच वास येणारे खत दिले. चौरस मीटरला तीन किलो या हिशेबाने 45 किलो खत वरच्या थरात दाताळ्याने मिसळले.

दिवस तिसावा

वाफे आखले. प्रत्येक वाफा एक मीटर रुंद व सहा मीटर लांब, आणि दोहोंच्या मध्ये अर्ध्या मीटरची पायवाट. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो, त्यामुळे आत पाय ठेवण्याची वेळ येणार नाही. भारी मातीत एक ओले पाऊल म्हणजे पुढचे ढेकूळ. वाफे तयार झाले, बियाण्याच्या पुड्या हातात होत्या, आणि मी पेरले नाही. फक्त पाणी दिले.

दिवस बेचाळिसावा

पेरणीआधी तणालाच उगवू देण्याचे हे बारा दिवस माझ्या स्वभावाला फार जड गेले. ओल्या वाफ्यावर आधी हिरवी झाक आली, मग गालिचा झाला. मातीत बी किती काळ तग धरते याचे उत्तर देणारा एक प्रयोग अमेरिकेतल्या मिशिगन येथे 1879 साली विल्यम बील यांनी सुरू केला. त्यांनी तणांचे बी भरून 20 बाटल्या जमिनीत पुरल्या, आणि 2021 मध्ये उकरलेल्या बाटलीतले काही बी 142 वर्षांनंतरही उगवले. तेव्हा तीन वर्षे पडीक राहिलेल्या जमिनीने एका फटक्यात रिकामे व्हावे, ही अपेक्षा मीच सोडून दिली. काल पाणी तोडले आणि आज सकाळच्या उन्हात खुरप्याचे पाते आडवे धरून फक्त दोन सेंटिमीटर खोलीपर्यंत सगळा गालिचा खरवडला. त्याहून खोल गेले असते, तर खालचे नवे बी उजेडात आले असते. लव्हाळ्याचे कोंब मात्र एकेक करून गाठीसह काढले.

दिवस त्रेचाळिसावा

सकाळी मूठभर माती दाबून गोळा केला आणि कमरेच्या उंचीवरून सोडला. तो खाली पडताच चार तुकडे होऊन विखुरला. बोटांना माती चिकटली नाही. म्हणजे वाफसा आला होता, मातीतल्या पोकळ्यांमध्ये पाणी आणि हवा साधारण निम्मी निम्मी असण्याची ही वेळ. दुपारपर्यंत पेरणी उरकली. एका वाफ्यात मुळा आणि पालक, दुसऱ्यात चवळी. बी जेवढे जाड, तेवढे अधिक खोल, या अंदाजाने मुळा दीड सेंटिमीटरवर आणि चवळी तीन सेंटिमीटरवर गेली. चवळी मुद्दाम घेतली आहे; तिच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात आणि तिच्या पसाऱ्याने जमीन झाकली जाते. गाठी हा शब्द लिहिताना हात क्षणभर थबकला.

दिवस सत्तेचाळिसावा

मुळा उगवला. बदामी आकाराच्या दोन-दोन दळांची ओळ दोरी लावल्यासारखी सरळ दिसते आणि चवळीच्या वाफ्यात माती जागोजागी तडकून वर उचलली गेली आहे. पालकाचा अजून पत्ता नाही. मुळ्याच्या ओळीत लव्हाळ्याचे सात कोंब सापडले. पाच-सहा पाने फुटायच्या आत त्यांना गाठले तर नवी गाठ धरायला त्यांना सवड मिळत नाही, म्हणून गुडघे टेकून लगेच बसले. पाच गाठीसह निघाले, दोन तुटले. तुटलेल्या दोघांच्या जागी काड्या खोचून आले आहे. रविवारी पुन्हा बघायचे.