अर्बन सी: शर्यतीत आर्क, पैदाशीत त्याहून मोठी

१९९३ मध्ये पॅरिसच्या लाँगशाँ रेसकोर्सवर अर्बन सी या घोडीने प्री द लार्क द त्रियोंफ, म्हणजेच आर्क, ही मोठी शर्यत जिंकली, तेव्हा सट्ट्यात तिचा भाव ३७ ला १ होता, म्हणजे जिंकण्याची आशा फारच कमी. जॉकी एरिक सँ-मार्तँ, ट्रेनर जाँ लेबोर्द. २,४०० मीटरच्या त्या धावेनंतरही तिला नशीबवान म्हणणारे बरेच होते. पैदाशीने ते मत पार खोडून काढलं.

सॅडलर्स वेल्स या घोड्यापासून १९९८ मध्ये झालेला तिचा गॅलिलिओ २००१ चा एप्सम डर्बी या इंग्लंडमधल्या शर्यतीचा विजेता. केप क्रॉसपासूनचा तिचा दुसरा मुलगा सी द स्टार्स २००९ मध्ये टू थाउजंड गिनीज ही शर्यत, डर्बी आणि आईचीच आर्क जिंकून गेला. वडील वेगळे, दर्जा तोच. माझ्या मते घोडीची खरी कसोटी हीच, कारण एकाच स्टॅलियनशी (पैदाशीच्या नर घोड्याशी) जुळलेलं यश योगायोगही असू शकतं.

आणि घोडीला संधी मोजक्याच मिळतात. थरोब्रेडमध्ये, म्हणजे शर्यतीच्या घोड्यांच्या या जातीत, कृत्रिम रेतन चालत नाही, गर्भकाळ सुमारे ११ महिने, वर्षाला एकच शिंगरू. उत्तर गोलार्धात सगळ्यांचं वय १ जानेवारीला वाढतं, म्हणून शिंगरू लवकर जन्मावं लागतं. त्यासाठी डिसेंबरपासून तबेल्यात दिवे लावून घोडीला रोज सुमारे १६ तास उजेड देतात, म्हणजे ती लवकर माजावर येते. व्याल्यावर आठवडा-दीड आठवड्यात पुन्हा माज येतो, पण गर्भाशय सावरलेलं नसेल तर तो सोडून द्यावा.

वय वाढलं की गर्भाशयाची रक्तवाहिनी फुटण्याचा धोकाही वाढतो. अर्बन सी मार्च २००९ मध्ये, विसाव्या वर्षी, बॉर्न टू सीला जन्म दिल्यानंतर गेली. सी द स्टार्सची ती तीन यशं तिने पाहिलीच नाहीत.